चाळीस पॅटिसच्या कडा

माझे बाबा मदत करतात. ही तक्रार आहे, पण ती कुणाला सांगायची सोय नाही. नवरा पितो, जुगार खेळतो, असं आईला सांगता आलं असतं तर चार बायका तिच्याजवळ येऊन बसल्या असत्या. नवरा मदत करतो म्हटल्यावर त्याच चार बायका म्हणतात, नशीबवान आहेस हो. आणि उठून जातात.

बाबा वजनमापं निरीक्षक होते. दुकानांतले तराजू तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा आणि नसले तर दुकानदाराला घाम फोडायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. बाजारात त्यांना ‘ग्रॅमसाहेब’ म्हणत. हे नाव चेष्टेने ठेवलंय हे त्यांना निवृत्तीच्या समारंभात कळलं, आणि तेव्हाही त्यांनी तो सत्कारच समजला. त्या समारंभाला आईने एकशेवीस पॅटिस करून नेले होते. बाबांच्या वरिष्ठ साहेबांनी भाषणात कारकुनाचे आभार मानले, ड्रायव्हरचे मानले, माइकवाल्याचे मानले, आणि ‘ग्रॅमसाहेबांच्या घरचे पॅटिस म्हणजे अगदी मापात’ असं म्हणून बाबांचे पुन्हा एकदा मानले. आई तेव्हा मागच्या जिन्यात रिकामे डबे एकात एक बसवत होती. ही हकिकत ती महिन्यातून एकदा सांगते. आवाज न चढवता सांगते, हे ऐकणाऱ्याला जास्त जड जातं.

निवृत्त झाल्यावर बाबांच्या हाताशी तपासायला एकच काटा उरला. तो स्वयंपाकघरात होता.

पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. जिऱ्याच्या डब्यावर ‘जिरे’, साखरेच्या डब्यावर ‘साखर’. अडतीस वर्षं त्याच डब्यांत हात घालणाऱ्या बाईला याने काय सोय झाली, हे विचारायचं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी पोळपाटावर पाणसळ ठेवून तो डाव्या बाजूला कलतो असं सिद्ध केलं. तिसऱ्या महिन्यात गॅसच्या मागच्या शेगडीवर पाणी उकळायला पुढच्या शेगडीपेक्षा चाळीस सेकंद जास्त लागतात हे त्यांनी शोधून काढलं आणि फोन करून मला सांगितलं. मी तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होते. ‘बरं,’ म्हटलं. ते म्हणाले, ‘बरं नाही, चाळीस सेकंद म्हणजे वर्षाचे चार तास होतात.’ हे चार तास त्यांनी नंतर आईला स्वयंपाक शिकवण्यात घालवले.

आईचे पॅटिस म्हणजे अर्ध्या चंद्राच्या आकाराचे. मैदा आणि लोणी. लाटायचं, दुमडायचं, थंड करायचं, पुन्हा लाटायचं, पुन्हा दुमडायचं. आत तिखटमिठाचं सारण. सारणं पाच प्रकारची: बटाटा-मटार, मशरूम, पालक-चीज, उकडलेलं अंडं आणि खिमा. घरात प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच असतं. मला अंडं चालत नाही, भावाला खिम्याशिवाय चालत नाही, बाबा मशरूमला ‘बुरशी’ म्हणतात. पण मिटलेलं पॅटिस बाहेरून सगळं सारखंच, तेव्हा ओळखायचं कसं? आईने कडांची भाषा केली होती. बटाट्याच्या कडेला चिमटीच्या बारीक चुण्या. मशरूमची कड दोरीसारखी पिळलेली. पालकाची काट्याच्या दात्यांनी दाबलेली. अंड्याची अंगठ्याने नुसती सपाट. खिम्याची दोनदा आत दुमडून जाड केलेली, म्हणजे हात लावला तरी कळावं. आम्ही भावंडं लहानपणी अक्षरं शिकायच्या आधी या कडा शिकलो. घरात एकच माणूस त्या कधी शिकला नाही, कारण त्याच्या ताटात पॅटिस आपोआप बरोबर येत होतं.

मग आईला पत्र आलं.

गावातल्या नाट्यगृहाला मध्यंतरात विकायला घरगुती पॅटिस करून देणारं कुणीतरी हवं होतं. आईने मला न सांगता, बाबांना तर नाहीच नाही, अर्ज केला होता. पत्र तिच्या नावाने होतं. बाबांची बायको म्हणून नाही, माझी आई म्हणून नाही, नुसतं तिचं नाव. शनिवारी सकाळी अकराला चाळीस नग घेऊन यावे, पाच प्रकार, प्रत्येकी आठ. खाली ठळक ओळ होती: आधीच्या पुरवठादाराकडून शाकाहारी प्रेक्षकास मांसाहारी पदार्थ गेल्याची तक्रार आहे, तरी प्रकारांची सरमिसळ आढळल्यास विचार केला जाणार नाही. आईने ते पत्र फ्रिजच्या दारावर लावलं. त्या दारावर आजवर विजेचं बिल, दंतवैद्याची तारीख आणि भावाच्या मुलाने काढलेला हत्ती एवढंच लागलं होतं. पत्र हत्तीच्या वर लागलं.

मी विचारलं, झेपेल का गं रोजचं? ती म्हणाली, रोजचं झेपतंयच की अडतीस वर्षं, फक्त कुणी पत्र पाठवलं नव्हतं.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वही आणली. तिच्यावर लिहिलं होतं ‘पॅटिस प्रकल्प’. त्यांचं म्हणणं असं की हे आता घरगुती राहिलेलं नाही, तेव्हा प्रमाणीकरण आलं. प्रत्येक नग ऐंशी ग्रॅमचा हवा. आई सारण हाताच्या अंदाजाने भरते. खिमा जड म्हणून थोडा कमी, मशरूम हलकं म्हणून चांगलं गच्च. त्यामुळे खिम्याचं पॅटिस हातात घेतलं की जड लागतं आणि मशरूमचं फुगीर. बाबांनी याला ‘तफावत’ म्हटलं. बुधवारी त्यावरून भांडण झालं. गुरुवारी आईने हार मानली. मला फोनवर म्हणाली, ‘करते त्यांचे ऐंशी ग्रॅम. तेवढ्याने गप्प बसतील.’

ही तिची या सगळ्या प्रकरणातली एकमेव चूक. अडतीस वर्षं संसार केलेल्या बाईने करायला नको होती.

शनिवारी पहाटे उठून तिने चाळीस पॅटिस भरले, मिटले, कडा घातल्या आणि दोन मोठ्या ट्रेमध्ये मांडून फ्रिजमध्ये ठेवले. पीठ गार राहिलं पाहिजे, नाहीतर ओव्हनमध्ये लोणी वितळून बाहेर येतं आणि पदर सुटत नाहीत. सात वाजता ती आंघोळीला गेली. केस धुतले, पुसले, ठेवणीतले कपडे इस्त्री केले. आठला पाच मिनिटं कमी असताना बाहेर आली. पंचावन्न मिनिटं. हा आकडा बाबांचा आहे. त्यांनी वेळ लावली होती.

मी सव्वाआठला डबे घेऊन पोचले तेव्हा बाबांनीच दार उघडलं. अंगावर आईचा एप्रन, कपाळाला मैदा, हातात स्टीलची पट्टी. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, माझ्या लग्नातही नाही. म्हणाले, ‘ये, ये, बघ काय करून ठेवलंय. तुझ्या आईला अजून दाखवलं नाही.’

आई ओव्हन तापवत होती. बाबांनी फ्रिजचं दार एखाद्या पुतळ्यावरचा पडदा ओढावा तसं उघडलं.

दोन ट्रे. प्रत्येकात चार ओळी, ओळीत पाच. चाळीसच्या चाळीस पॅटिस एका आकाराचे, एका उंचीचे, आणि चाळीसच्या चाळीस कडा काट्याने दाबलेल्या.

चुण्या नाहीत. पीळ नाही. दुमड नाही.

आधी काय झालंय ते मला कळलं नाही. आईला कळलं. तिने एक पॅटिस उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, खाली ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं. नाकाशी नेलं. गार पिठाला गार पिठाचाच वास येतो. मग तिने ट्रे जागेवर सरकवला आणि फ्रिजचं दार हळूच लावलं. तिने ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाबा सांगत होते. कडा फारच वेड्यावाकड्या होत्या. पाच तऱ्हेच्या. कुणी बघितलं तर म्हणेल पाच बायकांनी केलेत. म्हणून त्यांनी कातण घेऊन सगळ्यांची जादा कड कापून टाकली, राहिलेली पट्टीने मोजून बरोबर एक सेंटिमीटर ठेवली आणि काट्याने दाबली. एका नगाला ऐंशी सेकंद. मग लांबीनुसार ओळी लावल्या, कारण ट्रेमध्येही काही क्रम नव्हता. कापलेली कात्रणं वाया घालवलेली नाहीत. ती चारशे बारा ग्रॅम भरली आणि झाकून ठेवली आहेत.

‘अहो,’ आई म्हणाली, ‘यातले खिम्याचे कुठले?’

बाबांनी फ्रिज पुन्हा उघडला. पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं, जणू ती सांगेल.

‘तू चिठ्ठी लावायला हवी होतीस,’ ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं काम विम्याच्या दाव्यांना नकाराची पत्रं लिहिण्याचं आहे, त्यामुळे माणूस आपल्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर कसं फोडतो ते मी रोज आठ तास वाचते. इतकं सफाईदार वाचलेलं आठवत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ असा होता की हा राग माझा आहे, तू मध्ये हात घालू नकोस.

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

बाबा आता कामाला लागले होते. चूक झाली हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि चूक झाली की ते माफी मागत नाहीत, उपाय सुचवतात. वजनावरून ओळखू, म्हणाले, आणि वजनकाटा आणायला वळले. मग थांबले. सगळे ऐंशी ग्रॅमचे भरले होते आणि आता एकाच मापात कापले होते. वजनावरून ओळखायची सोय त्यांनी गुरुवारीच बंद केली होती. मी हसले नाही. आजही मला त्याचं कौतुक वाटतं.

मग त्यांना दात कोरायच्या काड्या सुचल्या. प्रत्येक पॅटिसला वाफ जायला वरती भोक पाडायचंच असतं. तिथून काडी घालायची, बाहेर काढायची, टोकाला काय लागलंय ते बघायचं. एका नगाला एक काडी, म्हणजे सरमिसळ नको. हिरवं आलं तर पालक, पिवळं आलं तर अंडं, पांढरट आलं तर बटाटा. कल्पना वाईट नव्हती, हेच तर बाबांचं दुखणं आहे. त्यांच्या कल्पना वाईट नसतात.

‘आणि तपकिरी आलं तर?’ आईने विचारलं.

मशरूमही तपकिरी, खिमाही तपकिरी. दोन्हींत कांदा, दोन्हींत मिरी. काडीच्या टोकाला लागेल एवढ्यात फरक कळणार तो वासाने आणि नशिबाने.

बाबा म्हणाले, वासाने कळेल. ते म्हणाले, पंच्याण्णव टक्के खात्री.

आई पहिल्यांदाच त्यांच्याकडे पूर्ण वळली. केस अजून ओले होते आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या खांद्यावर पाण्याचा डाग पडत होता.

‘पंच्याण्णव टक्के बरोबर असलेल्या तराजूवर तुम्ही शिक्का मारला असतात?’

बाबांनी पट्टी ओट्यावर ठेवली. चौतीस वर्षांत त्यांनी नव्याण्णव टक्क्यांवरही मारला नव्हता. त्या एका टक्क्यापायी त्यांनी लोकांची दुकानं आठ-आठ दिवस बंद ठेवली होती, आणि जेवताना आम्हाला ते अभिमानाने सांगितलं होतं.

‘उरलेले पाच टक्के कुणाच्या तरी तोंडात जाणार,’ आई म्हणाली. ‘त्याला मी काय सांगू? माझ्या नवऱ्याला कडा आवडल्या नाहीत?’

‘अगं, मी मदत...’

‘एप्रन काढा.’

त्यांनी काढला. तिने तो त्यांच्या हातातून घेतला, झटकला, स्वतः बांधला.

‘आता बाहेरच्या खोलीत जाऊन बसा. टीव्ही लावू नका, पेपर वाचू नका, मला काही सुचवू नका. उठलात तर मला आवाज येतो.’

बाबा जाऊन बसले. त्या खुर्चीला एक कुरकुर आहे, जी त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलेली आहे. पुढचे दोन तास ती एकदाही वाजली नाही.

साडेआठ झाले होते. निघायचं साडेदहाला. नव्याने पीठ भिजवून, लोणी घालून, चार वेळा दुमडून गार करायला वेळ नव्हता. घरात जे पीठ तयार होतं ते म्हणजे बाबांनी कापून झाकून ठेवलेली चारशे बारा ग्रॅम कात्रणं. आईने त्या वाडग्याकडे पाहिलं. त्या पिठाला हात लावायचा तिला संताप येत होता हे मला स्वच्छ दिसत होतं. तिने हात लावला.

असली कात्रणं मळायची नसतात, मळली की पदर मोडतात. तिने त्या पट्ट्या एकेक करून एकावर एक रचल्या, आडव्या, मग उभ्या, आणि वरून लाटणं चालवलं. ते लाटणं असं चालत होतं की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून मान वर करून पाहिलं.  मला मध्येच एखादा शब्द मिळत होता: दूध. सुरी. सरक. सारणं काल थोडी जास्त झाली होती. बटाटा होता, मशरूम होतं, पालक वाटीभर होता. खिमा आणि अंडं संपलेलं होतं. तीन प्रकार. पीठ ताणून ताणून बारा पॅटिस झाले. बारापैकी चार चुण्यांचे, चार पिळाचे, चार काट्याचे. काटा हातात घेतल्यावर ती क्षणभर थांबली. मग पालकाच्या चौघांच्या कडा तिने अशा दाबल्या की माझे खांदे आपोआप आक्रसले.

वजन कुणी केलं नाही. पिळाचे फुगीर होते.

ते ओव्हनमध्ये असताना तिने फ्रीझर उघडला, बाबांच्या ट्रेवर प्लास्टिक घातलं आणि चाळीसच्या चाळीस आत ढकलले. मी विचारलं, यांचं काय करायचं? ती म्हणाली, ज्यांचे आहेत ते बघतील.

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांची खोली रंगमंचाच्या मागे होती. टेबलावर जुनी तिकिटं, एक नकली टेलिफोन आणि अर्धवट रंगवलेलं पुठ्ठ्याचं झाड. व्यवस्थापक तरुण होते, नीटनेटके, खिशाला दोन पेनं. त्यांच्या शेजारी मध्यंतरात खाण्याच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पाय सुजलेले, चपला टेबलाखाली काढून ठेवलेल्या. आधीच्या पुरवठादाराचा तो घोळ यांच्या हातून गिऱ्हाइकाला गेला होता, आणि शिव्या यांनी खाल्ल्या होत्या.

आईने डबा उघडून ठेवला. व्यवस्थापकांनी मोजले. त्यांना मोजायला वेळ लागला नाही.

ते म्हणाले, चाळीस सांगितले होते, पाच प्रकार सांगितले होते. आईने खोटं बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. वीज गेली म्हणावं, ओव्हन बिघडला म्हणावं, मुलगी आजारी म्हणावं, मी तिथल्या तिथे खोकले असते.

‘चाळीस केले होते,’ ती म्हणाली. ‘पण त्यातले मांसाचे कुठले ते मला आता सांगता येत नाही. म्हणून त्यातलं एकही आणलं नाही. हे बारा कशाकशाचे आहेत ते मी सांगू शकते.’

व्यवस्थापकांनी काहीतरी लिहिलं. काउंटरच्या बाई पुढे वाकल्या आणि हे बारा कसे सांगता येतात असं त्यांनी विचारलं. आईने कडा दाखवल्या, आणि आज नसलेल्या दोन कडा हवेत बोटांनी करून दाखवल्या, सपाट आणि दुमडलेली. बाईंनी एक पॅटिस घेतलं, कडेवरून बोट फिरवलं, ‘मशरूम,’ म्हणाल्या आणि खाल्लं. मग दुसरं घेतलं. व्यवस्थापकांनीही घेतलं. पदर मोडल्याचा आवाज येत होता आणि टेबलावर चुरा पडत होता.

मग व्यवस्थापक रुमालाला बोटं पुसत म्हणाले, चव उत्तम आहे, प्रश्नच नाही. फक्त एक सूचना. काचेच्या कपाटात मांडायचे तर सगळ्यांच्या कडा एकसारख्या केल्या तर जास्त व्यवस्थित दिसतील.

मी डोळे मिटले.

आईने डब्याचं झाकण उचललं. मला वाटलं ती आता ते लावून निघणार. तिने ते फक्त हातात धरून ठेवलं.

‘साहेब,’ ती म्हणाली, ‘आज सकाळी एका माणसाने त्या एकसारख्या केल्या. म्हणून तुमच्यासमोर चाळीसऐवजी बारा आहेत. तुम्हाला सारख्याच हव्या असतील तर दुसरं कुणीतरी बघा. मी करणार नाही.’

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात काउंटरच्या बाई बोलल्या, आणि त्या आईशी नाही, त्यांच्याशी बोलल्या. म्हणाल्या, मध्यंतर दहा मिनिटांचं, माणसं दोनशे, प्रत्येकाला आधी मिळायला हवं. चिठ्ठ्या लावा, चिठ्ठ्या पडतात. वेगळे ट्रे करा, तिसऱ्या मिनिटाला ते एक होतात. मागच्या वेळी ट्रे कुणी फिरवले? व्यवस्थापकांनी छताकडे पाहिलं. बाईंनी तिसरं पॅटिस उचललं आणि म्हणाल्या, ‘कपाट कसं दिसतं ते तुम्ही बघा, शिव्या मी खाते.’

नियम मात्र नियमच होता. बारांवर चाळीसचा निर्णय देता येत नव्हता. पुढच्या शनिवारी पुन्हा यावं, चाळीस, पाच प्रकार, कडा वाटतील तशा. निघण्यापूर्वी त्यांनी एक छापील फॉर्म भरायला दिला. नाव, पत्ता, स्वयंपाकघरात पाणी कुठलं, झुरळांचा बंदोबस्त. शेवटचा रकाना होता: घरी मदतनीस आहे काय? असल्यास नाव.

आईने लिहिलं, नाही. पेन इतकं दाबून लिहिलं की खालच्या कागदावरही उमटलं.

पुढचा आठवडा ती माझ्याकडे येऊन काम करत होती. माझं स्वयंपाकघर तिच्या घरच्याहून लहान आहे, ओव्हन एका बाजूने जास्त तापतो आणि पोळपाट उघड उघड कललेला आहे. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बाबांशीही ती आठवडाभर कामापुरतंच बोलली. त्यांनी मंगळवारी मला एक टाइप केलेलं पान आणून दिलं, ‘शनिवारच्या घटनेबाबत निवेदन’, सात मुद्दे. सहाव्या मुद्द्यात ‘हेतू’ असा शब्द होता. माफी सातही मुद्द्यांत नव्हती. मी ते ऑफिसच्या सवयीने वाचलं आणि मनातल्या मनात नाकारलं.

त्यांच्या दुपारच्या जेवणाची व्यवस्था आईने लावून दिली होती. फ्रीझरमध्ये चाळीस, रोज दोन. ओव्हन कसा लावायचा ते त्यांना माहीत होतं, तापमानाचा तक्ता त्यांनीच भिंतीवर चिकटवला होता. अट एकच: जे ताटात येईल ते पूर्ण खायचं, फोडून बाजूला ठेवायचं नाही. अन्न वाया गेलेलं त्यांनाही कुठे चालतं?

पुढच्या शनिवारी तिने चाळीस नेले. पाच कडा, पाच प्रकार, प्रत्येकी आठ. काउंटरच्या बाईंनी डोळ्यांवर हात ठेवून एकेक ओळखले आणि व्यवस्थापक यादीवर खुणा करत गेले. एकही चुकला नाही. सोमवारपासून काम सुरू. ती बाहेर आली, पायरीवर बसली, आणि मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, ‘त्या समारंभात माइकवाल्याचेसुद्धा आभार मानले होते.’ मग उठली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबा टेबलाशी बसलेले होते. समोर ताटली, ताटलीत अर्धं पॅटिस, आत मशरूम. शेजारी वही, तीच, ‘पॅटिस प्रकल्प’. चेहरा औषध घेतल्यासारखा. आठव्या दिवसाचं दुसरं चालू होतं. मिळालं का, असं त्यांनी विचारलं आणि आई हो म्हणाली. ते म्हणाले, छान झालं, मग रोजचा माल नेण्याआणण्याचं वेळापत्रक आपण...

आई त्यांच्या वहीकडे पाहत होती. रकाने आखलेले होते. तारीख, नग क्रमांक, लांबी, प्रत्यक्ष सारण. आणि मध्ये एक रकाना होता, ‘खाण्यापूर्वीचा अंदाज’. बाबा असेच आहेत. त्यांना वही मिळाली की ते स्वतःविरुद्धही खोटं लिहीत नाहीत.

‘खायच्या आधी किती ओळखलेत?’ तिने विचारलं.

त्यांनी रकान्यावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर नेलं. वेळ लागला.

‘सोळापैकी तीन,’ ते म्हणाले.

आईने एप्रन खुंटीवरून काढला, घडी घातली आणि माझ्या पिशवीत टाकला, सोमवारसाठी.

‘अजून चोवीस आहेत,’ ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटलीतलं उरलेलं अर्धं बोटाने त्यांच्याकडे सरकवलं.